काळजीपोटी पाठवलेला मेसेज

आमच्या गल्लीत एक बोहारीण यायची. साताऱ्याच्या मंगळवार पेठेतली आमची गल्ली तिच्या रोजच्या वाटेवरची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी लांबलचक हाक. दोन साड्या आणि एका पँटवर ती एवढुसा डबा देऊ करणार, मी त्याच्यावरचा मोठा मागणार, मग ती पँट उलटीसुलटी करून "वैनी, चेन गेलीया की हिची" म्हणणार... असा आमचा अर्धा तास मजेत जायचा. माझ्या स्वयंपाकघरातला साखरेचा डबा तिच्याकडचा, कणीक मळायची परातही तिच्याकडचीच. तिचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही. आज लिहिताना ते फार खटकतंय.

गोष्ट २०२२ च्या सप्टेंबरमधली. गणपती नुकतेच गेले होते आणि पितृपंधरवडा सुरू झाला होता. त्या दिवशी बोहारीण आली ती खांद्यावर झोपलेली नात घेऊन. पोर दीड-दोन वर्षांची, चांगली गोरीपान. आजी उन्हातान्हात फिरून काळवंडलेली. चौकातच तिला चार बायकांनी अडवलं. पोर कुणाची? लेकीची. मग लेक कुठाय? कामावर गेलीया. पोरीचं आधार कार्ड दाखव! कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला. दोन पोरांनी मोटारसायकल आडवी लावली. या गलक्याने लहानगी जागी झाली आणि एवढी अनोळखी तोंडं बघून किंचाळायला लागली. त्यावर एक बाई म्हणाली, "बघा बघा, पोर तिच्याकडे राहीना!"

आवाज ऐकून मी खाली धावले. "अहो, ही आपली बोहारीण! वर्षानुवर्षं येते इथे," असं मी ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे पांगापांग झाली. पाटी डोक्यावर द्यायला मी हात लावला तर तिचे हात थरथरत होते. ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्सं झाली वैनी मी हितं येतीया."

ती गेल्यावर मी शेजारणीला जरा रागानेच विचारलं, "काय गं, तुम्हाला संशय तरी कशावरून आला?"

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे काय, तूच तर पाठवलंस परवा भिशीच्या ग्रुपवर!"

मैत्रिणींनो, त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मेसेज माझाच होता. म्हणजे मला माहेराहून, जतहून, वहिनीने पाठवलेला आणि मी भिशीच्या ग्रुपवर ढकललेला. "सावधान! आपल्या जिल्ह्यात मुले पळवणारी ४०० जणांची टोळी उतरली आहे. भांडी विकणाऱ्या बायका, साधू, भिकारी यांच्या वेषात फिरत आहेत. पोलिसांनीही दुजोरा दिला आहे. तुम्ही आई असाल तर हा मेसेज लगेच सर्व ग्रुपवर पाठवा." खाली मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं होतं : "काळजी घ्या गं सगळ्याजणी." गॅसवर दूध होतं. ते वर येईपर्यंत मी वाचूनही झालं होतं आणि पाठवूनही.

माझ्या माहेरच्या तालुक्यात...

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा गावी १३ सप्टेंबरला चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. साधू मथुरेकडचे, विजापूरहून पंढरपूरला निघालेले. त्यांनी वाटेत एका मुलाला रस्ता विचारला, एवढाच त्यांचा गुन्हा. उमदी पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच एका आखाड्याचे साधू निघाले. जीव वाचला, हे त्यांचं नशीब.

विचार करा, पंढरीच्या वाटेवर, आपल्या वारकऱ्यांच्या मुलखात, रस्ता विचारणाऱ्या साधूला मार! जतसारख्या दुष्काळी भागात दारी आलेल्याला आधी पाणी द्यायची रीत आहे. ती रीत एका आठवड्यात कशी मोडली? तिथल्या लोकांच्या मोबाइलवर नेमकं काय आलं होतं ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसांत अशा अफवा ठिकठिकाणी फिरत होत्या, आणि त्यातली एक फिरवायला माझाही हात लागला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षं आधी तर याहून भयंकर झालं होतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं. त्यातली बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढा तालुक्यातली. संशय तोच, मुलं पळवणारी टोळी. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे मेलेल्यांची घरं तर उघड्यावर पडलीच, पण मारणाऱ्यांची घरंही गेली.

त्या काळात एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. बघून कुठल्याही आईच्या पोटात गोळा यावा. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो मुद्दाम बनवला होता. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि 'मुलांकडे लक्ष ठेवा' अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढं शेपूट कापलं. बाकी सगळं तेच ठेवून फक्त शेवट कापला, आणि मुलांना जपायला सांगणारी गोष्ट माणसं मारायला निमित्त झाली!

खोटं ओळखण्याआधी...

खरं-खोटं कसं ओळखायचं, हे आजकाल सगळेच सांगतात. पण माझा अनुभव असा की, खरं-खोटं तपासावं हे आपल्या मनातच येत नाही, कारण तोवर आपण घाबरलेल्या असतो. म्हणून मी तो मेसेज पुन्हा काढून वाचला. निवडायला घेतलेल्या तांदळासारखा, एकेक शब्द बोटाने सरकवत.

'आपल्या जिल्ह्यात.' कुठल्या? साताऱ्यात वाचणारीला सातारा वाटेल, सांगलीतल्या बाईला सांगली. 'उतरली आहे.' कधी? तारीख नाही. तारीख नसलेला मेसेज कधी शिळा होत नाही, दर दोन-तीन वर्षांनी नवा होऊन येतो. '४०० जणांची.' मोजले कुणी? पण आकडा असला की मजकूर पक्का वाटतो. 'पोलिसांनी दुजोरा दिला.' कुठल्या ठाण्याच्या? आणि शेवटी, 'तुम्ही आई असाल तर.' इथे मी अडकले होते! पाठवलं नाही तर मी आई नाही की काय?

पेपरातली बातमी आपल्याला काय झालं ते सांगते आणि गप्प बसते. हा मेसेज मला काम सांगत होता, तेही 'लगेच'. ज्याला आपल्याला खेळवायचं असतं तो आपल्या सगळ्यात नाजूक जागेवर बोट ठेवतो आणि विचार करायला वेळ देत नाही. आईला मुलाची भीती, भाविकाला देवाचा कोप, अभिमानी माणसाला अपमान आणि गरजूला पैसा. जागा वेगळी, पण घाई तीच.

ही युक्ती काही मोबाइलबरोबर आलेली नाही. आमच्या लहानपणी घरी पोस्टकार्ड यायचं, देवीचं. अमक्याने इतकी पत्रं लिहिली त्याला लॉटरी लागली, तमक्याने कार्ड फाडलं त्याचं वाटोळं झालं! माझी आई भीत भीत कार्डं लिहायला बसायची आणि दादा पोस्टाच्या खर्चावरून कुरकुरायचा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? पृष्ठताण आणि केशाकर्षण यामुळे चमच्यातलं दूध मूर्तीवरून ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तोवर लिटरच्या लिटर दूध गटारात गेलं होतं. फरक एवढाच की, अकरा पोस्टकार्डं लिहायला आईला दोन दुपारी लागायच्या. तेवढ्यात मन थाऱ्यावर यायचं. आता अकराशे जणींना पाठवायला एक अंगठा पुरतो.

राईनपाड्यानंतर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली. खूपदा पुढे ढकललेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि २०२० पासून तो एकावेळी एकाच ठिकाणी जातो. ते दोन बाण दिसले की समजावं, हा मेसेज पाठवणारीने लिहिलेला नाही. कुणी लिहिलाय हे तिलाही माहीत नाही.

खरी गोष्टसुद्धा खेळवते

पण प्रत्येक वेळी मेसेज सरळसरळ खोटाच असतो असं नाही. कधी फोटो खरा असतो, गाव दुसरं असतं. कधी बोलणं खरं असतं, मागचं-पुढचं कापलेलं असतं. कधी पोस्ट खरोखर टाकलेली असते, पण ती कुणी टाकली, कुणाच्या नावाने टाकली, हे कुणालाच माहीत नसतं. आमच्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री महापुरुषांबद्दलच्या आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल उसळली. घरं-दुकानं, गाड्या जळाल्या. नमाजासाठी मशिदीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला, अनेक जखमी झाले. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. पोस्ट कुणी टाकली हे शोधायला पोलीस असतात, न्यायनिवाड्याला कोर्ट असतं. पण त्या रात्री जमावाला सकाळपर्यंत थांबवलं नाही.

महाराजांबद्दल कुणी वेडंवाकडं लिहिलं तर आपलं रक्त उसळणारच. साताऱ्यात तर ते जास्तच उसळणार, ही राजधानी! पण म्हणूनच, ज्याला आग लावायची आहे तो काडी इथेच टाकणार, हेही ओळखायला हवं. 'रक्त असेल तर शेअर करा' असं लिहिलेलं दिसलं की मी आता स्वतःला विचारते, माझ्या रागाचा उपयोग कुणाला होणार आहे?

मग कुणाचंच ऐकायचं नाही का?

असं म्हणून चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. माझी धाकटी बहीण गावभागात राहते. खालचा मजला बुडालेला, वीज नाही, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज येत होते.

एक असा : "कोयना धरणाला तडे गेलेत, प्रशासन लपवतंय, डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा." त्यावर ना नाव, ना वेळ. तो वाचून आमच्या सासूबाई देवापुढे बसल्या त्या उठेनात. १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी अनुभवलेला. त्यांचं दुःख कुठे आहे हे जणू त्या मेसेजला ठाऊक होतं.

दुसरा असा : "गावभाग, अमुक गल्ली, अमुक देवळाच्या मागे, दुसरा मजला. वयस्कर जोडपं आणि एक बाळंतीण. बोट हवी. सकाळी साडेनऊ." खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर. हाही घाईचाच मेसेज होता, हाही काळजाला हात घालणारा होता. पण दुपारी त्याच माणसाने लिहिलं : "तिघंही सुखरूप बाहेर आली. आता हा मेसेज पुढे पाठवू नका."

मला वाटतं, सगळं उत्तर इथेच आहे. खरी हाक कुठून आली ते कळतं, तिला उलट फोन लावता येतो, आणि काम झालं की ती थांबते. "पुरे, मदत पोचली," असं ती स्वतःहून सांगते. आपल्याला खेळवणारा मेसेज कधीच "पुरे" म्हणत नाही. मुलं पळवणारी टोळी पकडली, आता घाबरू नका, असा मेसेज कधी कुणाला आलाय?

माझी चाळणी

तेव्हापासून मी एक चाळणी ठेवली आहे. पीठ चाळल्याशिवाय कणीक मळत नाही, तसा मेसेज चाळल्याशिवाय पुढे जात नाही.

पहिलं, वाचून छातीत धडधडलं किंवा राग आला की मोबाइल पालथा ठेवायचा. एक कुकर होईपर्यंत. निम्मे मेसेज तेवढ्यातच निवतात.

दुसरं, कोण, कुठे, कधी? तिन्हीतलं एकही नसेल तर तो मेसेज कचऱ्याचा.

तिसरं, हा मला माहिती देतोय की कामाला लावतोय? 'लगेच', 'डिलीट व्हायच्या आत', 'कुणी दाखवणार नाही', 'खरे असाल तर' हे शब्द दिसले की सावध.

चौथं, यातून कुणाकडे बोट दाखवलं जातंय? भांडीवाली, भंगारवाला, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या जातीचा, परप्रांतातला? सगळ्यांना एकाच काठीने हाणणारा मेसेज माझ्या फोनवरून जाणार नाही.

पाचवं, पैसे किंवा ओटीपी मागतोय का? २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहायला सांगावं लागलं. योजनेची लिंक ग्रुपवरून उघडायची नाही, अंगणवाडीताईंना किंवा पंचायतीत विचारायचं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. इथे मात्र घाई हवी!

फोटोबद्दल शंका असेल तर मुलांना सांगा, गुगल लेन्सवर टाकून बघ. फोटो जुना असला तर आधी कुठे छापून आला होता ते बहुधा दोन मिनिटांत सापडतं. आता तर हुबेहूब आवाज आणि चेहरे बनवता येतात, तेव्हा 'मी डोळ्यांनी पाहिलं' हेही पुरेसं राहिलेलं नाही. आणि खरोखरच एखादं मूल संकटात दिसलं तर गर्दी जमवू नका, ११२ ला किंवा १०९८ ला फोन करा.

मोठ्यांना कसं सांगायचं?

खरी अडचण पुढेच आहे. मेसेज दीरांनी टाकलेला असतो, मामेसासऱ्यांनी टाकलेला असतो. सगळ्यांदेखत 'हे खोटं आहे' म्हणायचं म्हणजे घरात नसती धुसफूस. मी एकदा तसं केलं आणि दिवाळीपर्यंत ऐकून घेतलं. आता मी ग्रुपवर बोलत नाही. एकटीने फोन करते. आणि सुरुवात स्वतःपासून करते.

वहिनीलाही तसाच फोन केला. म्हटलं, "वहिनी, तुम्ही पाठवलेला तो मेसेज मीपण पुढे पाठवला हो, आणि आमच्या दारात एका गरीब बाईचा जीव जायची वेळ आली." पलीकडे बराच वेळ शांतता. मग वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, मला तो बालवाडीच्या ग्रुपवर आला होता. पोरांच्या काळजीनंच पाठवला हो मी."

मला ठाऊक होतं. मीही काळजीनेच पाठवला होता. वहिनीला ज्या बाईने पाठवला तिनेही काळजीनेच. आम्हां कुणाच्याच मनात पाप नव्हतं, आणि तरी एका आजीला तिच्याच नातीचा पुरावा द्यावा लागला. आपली काळजी ही आपली मोठी ठेव आहे. घर तिच्यावर चालतं. म्हणूनच ती कुणी येऊन वापरून जाऊ नये.

ती बोहारीण पुन्हा आली नाही. राजवाड्याजवळच्या बाजारात मी दोन-तीनदा चौकशी केली. पण नावच माहीत नाही, तर विचारणार काय? कपाटाच्या खालच्या खणात चार साड्या आणि यांच्या दोन पँटी बांधून ठेवल्या आहेत. मुलगी म्हणते, "आई, देऊन टाक ना कुणाला तरी." देईन. पण अजून अधूनमधून दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणाची हाक आली की मी गॅलरीत जाऊन बघते. आली तर या खेपेला घासाघीस करणार नाही. आधी नाव विचारीन.